दिलें तें कोणाचें?

दान देतांना उदक सोडण्याची आपल्याकडे रूढि आहे. तिचा अर्थ असा कीं, वस्तु नुसती दुसऱ्याच्या हातीं गेल्यानें दान पुरें होत नाहीं. देणाऱ्याचें तिजवरील स्वत्व सुटलें पाहिजे आणि घेणाऱ्याचें स्वत्व उत्पन्न झालें पाहिजे. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं या दोन्ही गोष्टी दानाच्या व्याख्येंतच घातल्या आहेत, आणि दिलेली वस्तु परत घेण्याच्या तंट्यांसाठीं मनुस्मृतीनें अठरा व्यवहारपदांमध्यें एक स्वतंत्र पद राखून ठेविलें आहे. ज्या अर्थीं एवढी तजवीज करावी लागली, त्या अर्थीं देऊनही न सोडण्याची मनुष्याची खोड बरीच जुनी असली पाहिजे. आज ती एका अगदीं नव्या क्षेत्रांत आमच्या पाहण्यांत आली. संगणकांची व्यवस्था हें तें क्षेत्र होय. तेथें देणें, घेणें, बदलणें आणि नाकारणें या चारही क्रिया इतक्या उघड्या दिसतात कीं, नीतीचा एक जुना प्रश्न तपासण्यास तें क्षेत्र आम्हांस फार सोयीचें वाटतें.

ज्या वाचकांचा या विषयाशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें स्पष्टीकरण अवश्य आहे. संगणकानें कसें वागावें, अक्षर केवढें दाखवावें, छपाई कोणत्या यंत्राकडे पाठवावी, कोणास आंत घ्यावें, हें सर्व लहान लहान मजकुरांत लिहून ठेवलेलें असतें. या मजकुरांस कॉन्फिगरेशनच्या फाइली म्हणतात, आणि निर्मात्यानें किंवा व्यवस्थापकानें आरंभीं जी मांडणी घालून दिली असेल तिला डीफॉल्ट म्हणतात. यंत्रें दोन-चार असतील तर या फाइली हातानें लिहितां येतात. शेंकडों झालीं कीं तें काम दुसऱ्या एखाद्या यंत्राकडेच सोंपवावें लागतें. ऑस्लो विद्यापीठांत मार्क बर्जेस यांनीं १९९३ सालीं 'सीएफएंजिन' नांवाचें असें एक साधन केलें. पुढें २००५ सालीं लूक केनीस यांचें 'पपेट' आलें, आणि मागोमाग 'शेफ' व 'अ‍ॅन्सिबल' हीं आलीं. या सर्वांची मूळ कल्पना एकच आहे. यंत्राला कोणतीं कामें कर असें सांगावयाचें नाहीं; शेवटीं स्थिति कशी असावी तेवढें लिहून ठेवावयाचें. साधन पुन्हां पुन्हां येऊन पाहतें. स्थिति लिहिल्याप्रमाणें असेल तर स्वस्थ बसतें, नसेल तर तशी करून ठेवतें. पपेटची मूळ योजना अशी कीं, त्याचा हस्तक दर तीस मिनिटांनीं ही फेरी घालतो.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत विद्यार्थ्यांसाठीं चाळीसेक संगणक आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं त्यांची व्यवस्था अशाच एका साधनाकडे द्यावयाची ठरली, तेव्हां नेमलेल्या समितींत आम्हीही होतों. सर्व यंत्रें सर्व काळ एकसारखीं असावींत, या ठरावावर आमची सही आहे. त्यांत कांहीं वावगें आहे असें तेव्हां आमच्या मनांतही आलें नाहीं. एकसारखेपणा म्हणजेच न्याय अशी आमची समजूत होती. पुढें दोन महिन्यांनीं आमच्या वर्गांतील एक मंददृष्टि विद्यार्थी आमच्याकडे आला. त्यानें आपल्या खात्यांतील अक्षरें मोठीं करून घेतलीं होतीं व त्यांची पार्श्वभूमि काळी केली होती. दुसऱ्या दिवशीं येऊन पाहतो तों अक्षरें पुन्हां लहान व पांढऱ्यावर काळीं. त्यानें पुन्हां बदल केला; पुन्हां तो नाहींसा झाला. असें आठवडाभर चाललें. आपलेंच कांहींतरी चुकत असावें असें त्याला वाटत होतें, आणि क्षमा मागितल्यासारख्या स्वरांत तो आम्हांस विचारीत होता. संगणकांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "सर, बिघाड कांहीं नाहीं, ठरावाप्रमाणेंच सर्व चाललें आहे." तें अक्षरशः खरें होतें, आणि म्हणूनच आम्हांस झोंबलें.

चूक साधनाची नव्हती. कांहीं फाइली अशा असतात कीं, त्या पुन्हां पुन्हां पूर्वस्थितीवर आणणें हेंच योग्य होय. यंत्रांत कोणास प्रवेश असावा हें ज्या फाइलींत लिहिलेलें असतें, तींत कोणी गुपचूप फेरफार केला तर तो पुसून टाकणें हें पहारेकऱ्याचें काम आहे. शके १५०६ मध्यें एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तींत पुढें कोणीं आपली ओवी घालूं नये अशी ताकीद दिली, ती याच न्यायानें. तेथें मूळ हेंच प्रमाण, आणि मागाहून आलेली भर हा दोष. परंतु अक्षरांचा आकार आम्हीं जो ठरविला होता तो प्रमाण म्हणून नव्हे. कांहींतरी ठरविल्यावांचून पडद्यावर अक्षर उमटणार नाहीं, म्हणून एक आकार घालून दिला होता. पहिला प्रकार नियमाचा, दुसरा प्रारंभाचा. असेंच असलें पाहिजे, हें नियम सांगतो. कोठून तरी सुरुवात व्हावी म्हणून तूर्त असें, हें प्रारंभ सांगतो. आम्हीं प्रारंभाच्या अंगावर नियमाचा पोशाख चढविला होता, आणि एका मुलाच्या डोळ्यांना त्याची किंमत द्यावी लागत होती.

या अन्यायावर उपाय आहे व तो सोपाही आहे. पपेटमध्यें फाइलीच्या वर्णनांत 'रिप्लेस' या शब्दापुढें 'फॉल्स' लिहावयाचें. अ‍ॅन्सिबलमध्यें 'फोर्स' पुढें 'नो' लिहावयाचें. शेफमध्यें 'क्रिएट इफ मिसिंग' ही आज्ञा द्यावयाची. तिन्हींचा अर्थ एकच: फाइल नसेल तर ठेव, असेल तर तिला हात लावूं नको. ही युक्ति नवी नव्हे. युनिक्सच्या परंपरेंतील यंत्रांत सांगाडा या अर्थाच्या 'स्केल' नांवाच्या एका फोल्डरमध्यें आरंभींच्या फाइली ठेवलेल्या असतात. नवें खातें उघडतांना त्यांची एकेक प्रत त्या खात्यांत पडते. पुढें सांगाडा बदलला तरी जुन्या खात्यांस त्याची झळ लागत नाहीं. मात्र एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पपेट व अ‍ॅन्सिबल यांना कांहींच न सांगितलें, तर तीं साधनें असलेल्या मजकुरावर आपला मजकूर चढवितात. साधनांचाही एक प्रारंभ ठरलेला असतो. आणि येथें तो देणाऱ्याच्या बाजूनें ठरलेला आहे. घेणाऱ्याचा मान राखावयाचा असेल तर तें वेगळें लिहून सांगावें लागतें.

आम्हीं तें सांगितलें. विद्यार्थ्याचीं अक्षरें मोठीं तीं मोठींच राहिलीं. आतां आपण खरोखर उदक सोडलें, अशा समाधानांत आम्ही होतों. परंतु वर्ष संपण्यापूर्वींच दोन गोष्टी घडल्या, आणि प्रश्न आम्हीं मानला होता तेवढा सरळ नाहीं असें दिसून आलें.

पहिली गोष्ट अशी. ग्रंथालयाच्या शोधपानाचा पत्ता बदलला. हा पत्ता त्याच आरंभींच्या फाइलींत लिहिलेला होता. नव्या विद्यार्थ्यांस नवा पत्ता मिळाला. जुन्यांच्या खात्यांत जुनाच राहिला, कारण असलेल्या फाइलीस हात लावावयाचा नाहीं असें आम्हींच ठरविलें होतें. ज्यांनीं ती फाइल जन्मांत कधीं उघडली नव्हती असे शेंकडों विद्यार्थी बंद पडलेल्या दारावर थापा मारीत राहिले. त्यांनीं कधीं न वापरलेल्या स्वातंत्र्याचा आम्हीं इतका आदर केला कीं, त्यांना ग्रंथ मिळेनासे झाले.

दुसरी गोष्ट त्या मंददृष्टि विद्यार्थ्याचीच. खातें उघडतांच सूचनांची एक खिडकी समोर यावी अशी आम्हीं एक फाइल ठेवली होती. मोठ्या अक्षरांमुळें ती खिडकी सारा पडदा व्यापून टाकी, म्हणून त्यानें ती फाइल काढून टाकली. ती परत आली. पुन्हां काढली, पुन्हां परत आली. तो आम्हांस म्हणाला, "सर, मीं बदललेलें तुम्ही राखतां, पण मीं काढलेलें परत आणून ठेवतां. मग नको असेल तर काय करावें?" शेवटीं त्यानेंच तोड काढली. त्या नांवाची एक रिकामी फाइल त्यानें तेथें ठेवून दिली. साधनानें पाहिलें, फाइल आहे. तें निघून गेलें. एका साध्या नकारासाठीं त्याला बुजगावणें उभें करावें लागलें.

या दोन्ही घटनांचें मूळ आम्हीं पुष्कळ दिवस शोधीत होतों. पहिलींत आमचा हात फार आंखडता होता, दुसरींत फार पुढें होता. तेव्हां हे दोन परस्परविरुद्ध दोष असावेत असें वाटे. परंतु तो एकच दोष आहे, आणि त्याचें नांव विस्मृति. 'नसेल तर ठेव' म्हणणारें साधन एकच प्रश्न विचारतें: ती वस्तु तेथें आहे कीं नाहीं? आपण ती पूर्वीं दिली होती काय, हें त्याच्या ध्यानांत नसतें. म्हणून 'कधीं दिलेलीच नाहीं' आणि 'दिली होती पण नाकारली' यांत त्याला फरक दिसत नाहीं. तसेंच, आपण काय दिलें होतें तेंही त्याच्या ध्यानांत नसतें. म्हणून 'घेणाऱ्यानें विचार करून बदललेली' आणि 'घेणाऱ्यानें पाहिलेलीही नाहीं' यांत त्याला फरक दिसत नाहीं. उदक सोडणें म्हणजे विसरून जाणें, असा अर्थ आम्हीं केला होता. तो चुकला. देणाऱ्यानें हक्क सोडावयाचा असतो. आठवण सोडावयाची नसते.

ही आठवण कशी ठेवावी याचा उत्तम नमुना डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत पाहावयास मिळतो. डेबियनची स्थापना १९९३ सालीं इयन मर्डॉक यांनीं केली. यंत्राच्या मालकानें कॉन्फिगरेशनमध्यें केलेले बदल नवी आवृत्ति बसवितांना राखलेच पाहिजेत, असा त्या संघाच्या नीतिनियमांत दंडक आहे, आणि तो पाळण्याचें काम 'डीपीकेजी' नांवाचा कार्यक्रम करतो. तो तीन गोष्टी समोर ठेवतो: आपण मागें काय दिलें, आज तेथें काय आहे, आणि आतां काय देऊं पाहत आहों. मागील व आजची प्रत एकच असेल, तर मालकानें हात लावलेला नाहीं असें समजून तो नवी प्रत मुकाट्यानें ठेवतो. मालकानें बदल केला असेल पण देणाऱ्याची प्रत होती तशीच असेल, तर तो कांहींएक करीत नाहीं व कांहीं विचारीतही नाहीं. दोघांनींही बदल केला असेल तर मात्र थांबतो, प्रश्न विचारतो, आणि मागितल्यास दोन्ही प्रतींतील फरक दाखवितो. मालकानें नुसतें पुढें जावें असें सुचविलें तर मालकाचीच प्रत कायम राहते, व नवी प्रत शेजारीं वेगळ्या नांवानें ठेवली जाते. आणि आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तरही येथें आहे: फाइल पुसून टाकणें हाही डीपीकेजीच्या हिशेबीं मालकाचा बदलच होय. पुसलेली फाइल तो आपण होऊन परत आणीत नाहीं.

यावर कांहीं आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा कीं, दिलेल्याची आठवण ठेवणारा दाता हा बहुधा दुःसह मनुष्य असतो. तो आठवण ठेवतो ती उपकार मोजण्यासाठीं, किंवा घेणाऱ्यावर पाळत ठेवण्यासाठीं. हा आक्षेप मनुष्यांच्या बाबतींत पुष्कळदां खरा आहे. परंतु आठवण दोन प्रकारची असते. डीपीकेजी जी नोंद ठेवतो ती स्वतः दिलेल्या मजकुराची, तीही बत्तीस अक्षरांच्या एका ठशाच्या रूपानें. मालकानें काय लिहिलें याची वही तो ठेवीत नाहीं. आपल्या दानाची आठवण ठेवणें आणि दुसऱ्याच्या वागणुकीची टिपणें ठेवणें, या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवांचून आदर शक्य नाहीं. दुसरीनें आदर नष्ट होतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. पदोपदीं विचारीत बसल्यास काम कसें चालावें? शेंकडों यंत्रांपुढें उत्तर देण्यास मनुष्य कोठून आणावा? हें आम्हांस मान्य आहे. जेथें उत्तर देण्यास कोणी नाहीं तेथें प्रश्न विचारणें म्हणजे यंत्र अडवून ठेवणें होय. रेड हॅटच्या परंपरेंतील आरपीएम या कार्यक्रमानें यावर तोड काढली आहे. 'नोरिप्लेस' अशी खूण केलेली फाइल मालकानें बदललेली असेल, तर तो न विचारतां ती तशीच राखतो आणि नवी प्रत शेजारीं ठेवून जातो. मालकानें सवडीनें पाहावें. याहूनही मूलगामी तोड म्हणजे दोघांच्या जागाच वेगळ्या करणें. सिस्टिमडी या व्यवस्थेंत निर्मात्याच्या फाइली एका ठिकाणीं, व्यवस्थापकाच्या दुसऱ्या ठिकाणीं, आणि विरोध आल्यास व्यवस्थापकाची प्रमाण. तेथें नकारासही अधिकृत रूप आहे: नको असलेल्या फाइलीच्या नांवानें शून्याकडे बोट दाखविणारी एक खूण ठेवली कीं तो नकार कायम होतो. आमच्या विद्यार्थ्यानें रिकामी फाइल ठेवून जें केलें, तेंच येथें कारागिरांनीं रीतसर केलें आहे. आमच्या मतें तंट्यांपैकीं बरेच तंटे नियम आणि प्रारंभ एकाच कागदावर लिहिल्यामुळें होतात. शोधपानाचा पत्ता हा आमच्याकडून जाणारा नियम होता, अक्षरांचा आकार हा प्रारंभ होता. ते एका फाइलींत घालून आम्हींच त्यांचें भांडण लावून दिलें होतें.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. प्रारंभच घातक असेल तर? २०१६ सालीं 'मिराई' नांवाच्या उपद्रवी कार्यक्रमानें घरोघरच्या कॅमेऱ्यांत व राउटरांत प्रवेश मिळविला, तो कारखान्यानें घालून दिलेल्या साठेक नांव-परवलींच्या जोड्या लावून पाहून. त्या यंत्रांच्या फौजेनें २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं 'डाइन' या कंपनीवर हल्ला केला, तेव्हां अमेरिकेंत अनेक मोठीं संकेतस्थळें कित्येक तास उघडेनाशीं झालीं. या परवली मालकांनीं बदलावयास हव्या होत्या, आमचें काम देण्यापुरतें, असें कारखानदारास म्हणतां येईल काय? आमच्या मतें येत नाहीं. बहुसंख्य लोक जसें दिलें तसेंच ठेवतात, हें देणाऱ्याला ठाऊक असतें. ठाऊक असून घातक प्रारंभ देणें हा दात्याचा अपराध होय, आणि तो उदकानें धुवून निघत नाहीं. ब्रिटनमध्यें २९ एप्रिल २०२४ पासून अशा सर्वांना एकच असणाऱ्या परवलींस कायद्यानें मनाई झाली आहे, ती योग्यच आहे. हक्क सुटतो तेव्हां जबाबदारीही सुटते असें नाहीं. उलट, मागाहून हात घालण्याचा हक्क ज्यानें सोडावयाचा आहे, त्यानें पहिल्याच वेळीं अधिक जपून द्यावें.

एक अडचण मात्र या सर्व युक्तींनीं सुटत नाहीं, आणि ती लपवून ठेवणें बरें नव्हे. फाइल न बदलणारे सर्वच उदासीन असतात असें नाहीं. एखाद्यानें ती उघडून, वाचून, हेंच मला हवें असें ठरवून तशीच ठेवली असेल. त्याची संमति आणि दुसऱ्याची बेफिकिरी यांचा ठसा एकच उमटतो. डीपीकेजी दोघांच्याही फाइली सारख्याच मुकाट्यानें बदलून टाकतो. येथें देणाऱ्याची आठवण अपुरी पडते. घेणाऱ्यानेंच पुढें झालें पाहिजे. जें मिळालें तेंच हवें असलें, तरी तें स्वतःच्या जागीं, स्वतःच्या हातानें एकदां लिहून ठेवलें पाहिजे. मिळालेली वस्तु आणि स्वीकारलेली वस्तु यांत एवढेंच अंतर आहे, पण तें घेणाऱ्यावांचून दुसरा कोणी तोडूं शकत नाहीं.

अध्यापनाच्या पेशांत आम्हांस तीस वर्षें होत आलीं. वर्गांत येणाऱ्या प्रत्येकास आम्ही कांहीं ना कांहीं प्रारंभ घालून देतों: एक व्याख्या, एक मत, ग्रंथ वाचण्याची एक तऱ्हा. तो न दिला तर विचारास सुरुवातच होणार नाहीं. कांहीं शिक्षक दर परीक्षेस येऊन विद्यार्थ्याचें मत पुसतात आणि आपलें पुन्हां लिहितात. त्यांची चूक सर्वांस दिसते. आम्ही त्यांतले नव्हे असें आम्ही स्वतःस सांगत आलों. आम्ही कोणावर मत लादीत नाहीं, ज्यानें त्यानें आपलें पाहावें, असें म्हणून आम्ही वर्गाबाहेर पडत असूं. परंतु पुढें तेंच मत विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेंत भेटलें, कीं तें त्याचें स्वतःचें आहे असें समजून आम्ही संतुष्ट होत असूं. तें आमचें आहे, आम्हींच चार महिन्यांपूर्वीं तेथें ठेवलें होतें, याची आठवण आम्हीं ठेवलेली नसे. आणि एखाद्यानें तें मत काढून टाकून जागा रिकामी ठेवली असली, तर याला हें कोणी शिकविलेलेंच नाहीं असें समजून आम्ही पुन्हां पहिल्यापासून शिकवावयास लागत असूं. दुसऱ्याचा नकार ऐकूं न येण्याचा हा प्रकार फार सभ्य आहे, म्हणून तो अधिक टिकतो.

ग्रंथालयांतील व्यवस्था पुढें सुधारली. एका तरुण सहकाऱ्यानें दिलेल्या प्रत्येक प्रतीची नोंद ठेवण्याची सोय केली; पत्ता वेगळ्या फाइलींत गेला; दोघांनींही बदललेलें असेल तेथें विद्यार्थ्यास विचारावें असें ठरलें. जुना ठराव रद्द करण्यासाठीं जी सभा भरली तींत आम्हीं आपल्या सहीचा उल्लेख करून चूक कबूल केली. त्या विद्यार्थ्यापुढें पहिल्यांदा प्रश्न आला तेव्हां त्यानें दोन्ही प्रतींतील फरक मोठ्या अक्षरांत शांतपणें वाचला, आमची एक ओळ घेतली आणि दोन सोडल्या. तो पदवी घेऊन गेला तोंपर्यंत त्याच्या फाइलीचें आमच्या मूळ प्रतीशीं फारसें साम्य उरलें नव्हतें. मूळ प्रतीची नोंद मात्र आमच्याकडे शेवटपर्यंत होती, आणि तो किती पुढें गेला हें आम्हांस तिच्यामुळेंच कळलें.